शेक की बर्फ? गुडघ्यावरच्या गारव्याची जुनी गोष्ट



आज आम्ही तुमच्याशी गुडघ्याबद्दल बोलणार आहोत. म्हणजे दुखऱ्या गुडघ्याबद्दलच, कारण न दुखणाऱ्या गुडघ्याची आठवण कुणाला येते? गटाच्या बैठकीत सतरंजीवर बसताना बसतो आपण पटकन, पण उठताना एक हात जमिनीवर आणि एक हात शेजारणीच्या खांद्यावर जातो. भाताची लावणी, खुरपणी, कापूस वेचणी, उसाची मोळी, चुलीपुढचं बसणं, विहिरीच्या पायऱ्या, सगळ्याचा हिशेब शेवटी गुडघ्यावरच येतो.

आणि गुडघा दुखला की आपण काय करतो? शेकतो. निर्गुडीचा पाला तव्यावर गरम करतो, एरंडाचं पान तेल लावून बांधतो, मीठ नाहीतर वाळू फडक्यात बांधून पुरचुंडीनं शेक घेतो. आईनं केलं, आजीनं केलं, म्हणून आपणही करतो. अशात कुणी बांधावरून पाय घसरून पडली आणि दवाखान्यातून सांगितलं की बर्फ लावा, तर घरात पहिला प्रश्न येतो, ‘बर्फ? आणि गुडघ्याला? वात नाही का धरणार?’

हा प्रश्न आम्ही गटागटांत इतक्या वेळा ऐकला की त्याचा इतिहासच शोधायचा ठरवलं. दुखऱ्या सांध्याला गारवा द्यायचं पहिल्यांदा कुणी सांगितलं? मग तो गारवा आपल्यापर्यंत यायला इतका वेळ का लागला? आणि आता तो आलाय तर त्याच्याकडून काय घ्यायचं, काय नाही? हे सगळं आज क्रमानं सांगतो.

सुरुवात करू या सुमारे चोवीसशे वर्षांपूर्वीच्या ग्रीस देशापासून. तिथं कोस नावाच्या बेटावर हिपोक्रेटिस नावाचा वैद्य होऊन गेला. आजचे डॉक्टर ज्याच्या नावानं शपथ घेतात, तोच हा. त्याच्या नावानं जी वैद्यकीय सूत्रं सांगितली जातात, त्यांत एक सूत्र सांध्यांबद्दल आहे. त्याचा अर्थ असा, की सांधा सुजला, दुखला, मुरगळला आणि तिथं जखम नसेल, तर भरपूर थंड पाणी ओतल्यानं सूज उतरते आणि दुखणं कमी होतं, कारण थोडी बधिरता आली की वेदना जाते. थोडी बधिरता, हे शब्द लक्षात ठेवा. पुढं आपल्याला ते लागणार आहेत.

गंमत म्हणजे त्याच सूत्रांमध्ये थंडी हाडांना आणि नसांना वैरी असते, असंही म्हटलंय. म्हणजे त्या काळीही थंड की गरम याचं एकच उत्तर नव्हतं. दुखणं कसलं आहे, ते बघून ठरवायचं.

आपल्याकडचे जुने वैद्यही असंच सांगतात. सुश्रुतसंहितेत रक्त थांबवण्याचे चार उपाय दिलेत. तुरट औषधानं जखमेची तोंडं आवळणं, गारव्यानं रक्त गोठवणं, राखेसारख्या औषधानं सुकवणं आणि डाग देणं. त्यातला दुसरा उपाय म्हणजे थंडी. आणि सांध्यांच्या दुखण्यात वातरक्त नावाचा जो आजार सांगितलाय, त्यात लाली, आग, दाह असेल तर थंड लेप, आणि वात-कफाचा जोर असेल तर ऊबदार उपचार, असा भेद केलेला आहे. मग ‘गार लावलं की वात धरतो’ हे आपल्या घरातलं वाक्य खोटं का? अगदी खोटं नाही, पण अर्धंच आहे. जुन्या, आखडलेल्या, ठणकणाऱ्या सांध्याला शेक बरा वाटतो, हे खरं. पण लालबुंद, गरम, आत्ताच सुजलेल्या सांध्याला गारवा द्यायचा, हे वाक्याचं दुसरं अर्धं कुठंतरी हरवलं.

ते का हरवलं असेल? आम्हाला वाटतं, कारण साधं आहे. आपल्याकडं चूल घरोघरी होती, बर्फ नव्हता. जे हाताशी असतं त्याचीच सवय होते. आपल्या भागात बर्फ दिसायचा तो गारपिटीत, आणि तेव्हा गारा गुडघ्याला लावायच्या की पीक बघून कपाळाला हात लावायचा?

बर्फ होता तो राजवाड्यात. अकबराच्या दरबारची हकिकत लिहिणाऱ्या अबुल फजलनं ‘आईन-ए-अकबरी’मध्ये दरबारच्या पाण्याच्या खात्याची माहिती दिलीय. पाणी गार करायला सोरा वापरत. सोरा म्हणजे तोच, जो तोफेच्या दारूत घालतात. सोरा पाण्यात विरघळला की पाणी थंड पडतं. त्या पाण्यात पिण्याच्या पाण्याची सुरई फिरवत ठेवायची. पुढं १५८६ पासून दरबार लाहोरला होता, तेव्हा उत्तरेकडच्या डोंगरांतून नावेनं, गाडीनं आणि माणसांच्या खांद्यावरून बर्फ यायला लागला.

सोऱ्याची ही युक्ती तुम्हाला अनोळखी नाही. फवारणीसाठी बादलीत युरिया विरघळवताना हात लावून बघा, बादली बाहेरून गार लागते. औषधाच्या दुकानात मिळणारी, दाबली की गार होणारी पिशवी असते ना, तिच्या आतही बहुतेक वेळा पाणी आणि युरियासारखंच खत वेगवेगळं भरलेलं असतं. पिशवी दाबली की आतला कप्पा फुटतो, दोन्ही मिसळतात आणि गारवा तयार होतो. पण म्हणून खताची बादली गुडघ्यावर ओतायची नाही बरं! खत कातडीला चांगलं नाही. पिशवीत ते बंद असतं म्हणून चालतं.

राजवाड्याबाहेर बर्फ बनवण्याची एक देशी पद्धतही होती, आणि ती आपल्यासारख्या शेतकऱ्यांना लगेच कळेल अशी आहे. रॉबर्ट बार्कर नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं अलाहाबादकडं ती पाहिली आणि १७७५ मध्ये इंग्लंडच्या एका शास्त्रीय नियतकालिकात तिचं वर्णन छापून आलं. मोकळ्या मैदानात साधारण तीस फूट लांब-रुंद आणि दोन फूट खोल खड्डे करायचे. त्यात उसाची वाळलेली चिपाडं नाहीतर मक्याची धाटं पसरायची. त्यावर कच्च्या मातीच्या उथळ परळांच्या रांगा मांडायच्या आणि तिन्हीसांजेला त्यांत उकळून गार केलेलं पाणी भरायचं. थंडीच्या, निरभ्र रात्री पहाटेपर्यंत परळात बर्फाचा पापुद्रा धरायचा. सूर्य उगवायच्या आत माणसं तो गोळा करून खोल खड्ड्यात गवताखाली दडवून ठेवायची. आपला माठ ज्या कारणानं पाणी गार करतो, तेच कारण इथंही. मातीच्या भांड्यातून पाणी पाझरतं, त्याची वाफ होते आणि जाताना ती उष्णता घेऊन जाते. शिवाय मोकळ्या आभाळाखाली रात्री जमिनीची उष्णता वर निघून जाते, आणि खालची चिपाडं जमिनीची ऊब वर येऊ देत नाहीत. पण हे जमायचं ते उत्तरेच्या थंडीत. आपल्या महाराष्ट्राच्या वाट्याला तेही नव्हतं.

मग एक गोष्ट घडली जी आज खरी वाटणार नाही. अमेरिकेतल्या बोस्टन शहरात फ्रेडरिक ट्यूडर नावाचा व्यापारी होता. हिवाळ्यात गोठलेल्या तळ्यांवरचा बर्फ करवतीनं कापायचा, लाकडाच्या भुशात गुंडाळायचा आणि जहाजानं उष्ण देशांना विकायचा, हा त्याचा धंदा. १८३३ च्या मे महिन्यात ‘टस्कनी’ नावाचं जहाज सुमारे १८० टन बर्फ घेऊन बोस्टनहून निघालं आणि चार महिन्यांचा समुद्र ओलांडून सप्टेंबरात कलकत्त्याला पोहोचलं. वाटेत बराच बर्फ वितळला, तरी साधारण शंभर टन उरला! कलकत्ता, मद्रास आणि आपली मुंबई, तिन्ही ठिकाणी या बर्फासाठी जाड भिंतींची बर्फघरं उभी राहिली. मद्रासचं बर्फघर आजही समुद्रकाठी आहे. १८९७ मध्ये स्वामी विवेकानंद तिथं राहिले होते, म्हणून आता ते त्यांच्या नावानं ओळखलं जातं. भुसा आणि गोणपाट यांचं नातं मात्र तेव्हापासून आपल्यापर्यंत आलं. जत्रेत गोळेवाला बर्फाची लादी भुशातून काढून पोत्यानं पुसतो, ते आठवा.

हा परदेशी बर्फ कुणाच्या घरी जायचा? साहेबांच्या आणि शहरातल्या श्रीमंतांच्या. सरबतात, फळांवर, आणि ताप डोक्यात गेला तर कपाळावर. खेड्यातल्या बाईच्या गुडघ्यापर्यंत तो येणं शक्यच नव्हतं.

आता जरा लढाईच्या मैदानाकडं जाऊ, कारण बर्फ दुखण्यावर नेमकं काय करतो, हे तिथं फार कठोरपणे दिसलं. नेपोलियनच्या सैन्यात लारे नावाचा शल्यवैद्य होता. १८०७ च्या फेब्रुवारीत, आज रशियात असलेल्या आयलाऊ गावाजवळ, कडाक्याच्या बर्फात मोठी लढाई झाली. तेव्हा भूल द्यायचं औषध नव्हतं. जखमी सैनिकाचा पाय कापायचा म्हणजे चौघांनी धरून ठेवायचं. पण त्या थंडीत गारठलेल्या सैनिकांना कापताना फारशी वेदनाच होत नाही, असं लारेनं पाहिलं आणि लिहून ठेवलं. हिपोक्रेटिसनं सांगितलेली ती ‘थोडी बधिरता’ इथं पुरती बधिरता झाली होती.

त्याच लारेनं आणखी एक सांगितलं. गारठलेले हातपाय शेकोटीवर धरले की ते सडतात, म्हणून ते बर्फानं चोळावेत. शेकोटीबद्दलचं त्याचं निरीक्षण बरोबर होतं, पण बर्फानं चोळायचा सल्ला चुकीचा निघाला. तरीसुद्धा इतक्या मोठ्या वैद्यानं सांगितलं म्हणून तो शंभर वर्षांहून अधिक काळ चालू राहिला. आज गारठलेल्या अवयवाला कोमट पाण्यात ठेवतात. मोठ्या माणसाचा शब्दही पारखून घ्यावा लागतो, हे त्यातून शिकायचं.

पुढं १८४० नंतरच्या काळात इंग्लंडच्या ब्रायटन गावात जेम्स आर्नॉट नावाच्या डॉक्टरनं बर्फ आणि मीठ एकत्र करून दुखऱ्या भागावर लावायला सुरुवात केली. बर्फात मीठ घातलं की तो साध्या बर्फापेक्षा कितीतरी जास्त थंड होतो. यात्रेतला कुल्फीवाला आणि हातानं फिरवायच्या आइस्क्रीमच्या पॉटवाला हेच करतो की! आर्नॉटनं हे मिश्रण डोकेदुखीवर, नसांच्या दुखण्यावर आणि स्तनाच्या व गर्भाशयाच्या कॅन्सरनं तळमळणाऱ्या बायकांवरही वापरलं. आजार बरा होत नसे, पण वेदना हलकी होई. त्या काळात नुकतंच आलेलं क्लोरोफॉर्म धोक्याचं आहे आणि थंडी जास्त सुरक्षित आहे, असं तो आग्रहानं मांडत राहिला.

हे झालं डॉक्टरांचं. पण ज्यांच्याकडं बर्फच नव्हता, त्यांनी काय केलं? इथं आपल्याला एक शेतकऱ्याचा मुलगा भेटतो. विन्सेंट प्रिस्निट्झ. जन्म १७९९, आजच्या चेक देशातल्या डोंगराळ गावातला. तरुणपणी गाडीखाली येऊन त्याच्या बरगड्या मोडल्या. त्यानं थंड पाण्यात भिजवलेल्या पट्ट्या बांधून बांधून स्वतःला बरं केलं आणि मग आसपासची माणसं त्याच्याकडं यायला लागली. तो शिकलेला वैद्य नव्हता. ओलं फडकं, झऱ्याचं पाणी, मोकळी हवा आणि विश्रांती एवढीच त्याची सामग्री. त्याच्यानंतर जर्मनीत सेबास्टियन क्नाइप नावाचे एक धर्मगुरू झाले. ते विणकराचे पोर. १८८६ मध्ये त्यांनी जलोपचाराचं पुस्तक लिहिलं. त्यांच्या उपचारांत एकाचं नावच मुळी गुडघ्यावरून आहे. पायाच्या बोटांपासून वर गुडघ्यापर्यंत थंड पाण्याची सावकाश धार सोडायची.

ही जर्मन जलोपचाराची वाट थेट आपल्या पुणे जिल्ह्यात येऊन पोहोचते. दक्षिण आफ्रिकेत असताना गांधीजींनी कुहने आणि युस्ट या जर्मन निसर्गोपचारकांची पुस्तकं वाचली होती. थंड पाण्यात कालवलेली स्वच्छ माती पातळ फडक्यात घालून ती पट्टी ठेवायची, हा उपचार ते स्वतः करत आणि इतरांवरही करत. १९४६ च्या मार्च महिन्यात ते उरुळी कांचनला आले आणि गावातल्या गरीब रुग्णांवर त्यांनी निसर्गोपचार सुरू केले. ते गेल्यावर मणिभाई देसाई यांनी ते काम पुढं चालवलं आणि तिथला निसर्गोपचार आश्रम आजही चालू आहे. म्हणजे बघा, एकीकडं मुंबईच्या बर्फघरातला महागडा बर्फ, आणि दुसरीकडं माती, पाणी आणि फडकं. शेवटी खेड्यापर्यंत आधी पोहोचलं ते फडकंच.

मग यंत्राचा बर्फ आला. त्याचीही सुरुवात एका डॉक्टरच्या तळमळीतून झाली. अमेरिकेच्या फ्लोरिडा भागात जॉन गोरी नावाचे डॉक्टर हिवतापाच्या रुग्णांची खोली गार ठेवायला धडपडत होते. त्यातून त्यांनी बर्फ करायचं यंत्र बनवलं आणि १८५१ मध्ये त्याचं पेटंट मिळवलं. लोकांनी त्यांची चेष्टा केली, भांडवल मिळालं नाही, आणि १८५५ मध्ये ते गेले. पण कल्पना टिकली. यंत्राचा बर्फ स्वस्त झाल्यावर बोस्टनचा बर्फ यायचा बंद झाला. आपल्या देशात १९५८ मध्ये गोदरेजनं फ्रीज बनवायला सुरुवात केली. आणि आज गावात फ्रीज नसलेल्या घरातही शेजारी, किराणा दुकानात, दूध डेअरीत बर्फ सापडतो. राजवाड्यातून निघालेल्या बर्फाला आपल्या दारापर्यंत यायला चारशेहून जास्त वर्षं लागली.

आता तो आलाय, तर त्याचं करायचं काय?

१९७८ मध्ये अमेरिकेतले एक डॉक्टर, गेब मिर्किन, यांनी खेळाडूंसाठी लिहिलेल्या पुस्तकात चार गोष्टी सांगितल्या. मार लागला की विश्रांती घ्या, बर्फ लावा, पट्टी बांधा, पाय उंच ठेवा. हे सूत्र जगभर गेलं. आपल्या दवाखान्यातही आज हेच सांगतात. पण इतिहास इथं थांबत नाही. २०१४ मध्ये त्याच मिर्किन यांनी जाहीरपणे लिहिलं की बर्फानं वेदना कमी होते हे खरं, पण जास्त बर्फ लावल्यानं शरीराचं स्वतःचं दुरुस्तीचं काम लांबू शकतं. कारण सूज ही नुसती पीडा नसते, ती दुरुस्तीला आलेल्या मजुरांची गर्दीही असते. २०१९ मध्ये कॅनडातल्या तज्ज्ञांनी मांडलेल्या नव्या सूत्रात तर बर्फाचं नावच नाही. त्यात भर आहे तो सुरुवातीच्या जपणुकीवर आणि नंतर हळूहळू हालचाल वाढवण्यावर.

म्हणून बर्फ फेकून द्यायचा का? नाही. त्याचं काम ओळखायचं. गारव्यानं रक्तवाहिन्या आकसतात, आत रक्त आणि पाणी कमी साचतं, आणि वेदनेचा निरोप नेणाऱ्या नसा सुस्तावतात. दुखणं थोडा वेळ झाकलं जातं, पण झिजलेली कूर्चा त्यानं भरून येत नाही आणि तुटलेला बंधही जोडला जात नाही.

आणि इथंच, मैत्रिणींनो, आम्हाला सगळ्यात महत्त्वाचं सांगायचंय. कबड्डीच्या सामन्यात खेळाडू पडला की थंड फवारा मारतात आणि तो पुन्हा मैदानात उतरतो. आपल्या घरातही असंच होऊ शकतं. ‘बर्फ लावलास ना? बरं वाटतंय ना? मग चल कापणीला.’ दुखणं बधिर झालं म्हणून बाई उठते, हंडा उचलते आणि आत जे थोडंसं दुखावलेलं होतं ते पुरतं दुखावतं. वेदना ही शरीराची हाक असते. बर्फानं ती हाक बंद केली आणि विश्रांती दिली नाही, तर त्या बर्फाचा फायदा कामाला झाला, बाईला नाही. प्रिस्निट्झचं ओलं फडकं कामी आलं, कारण फडक्याबरोबर माणूस आडवाही झाला. त्या चार गोष्टींतली पहिली गोष्ट विश्रांती आहे, बर्फ दुसरा. आपल्याकडं पहिली गाळूनच दुसरी घेतली जाते.

आता वापरायचं कसं, ते नीट ऐका. शेजारणीलाही सांगा.

पडलात, मुरगळला, मुका मार लागला, गुडघा गरम आणि सुजलेला आहे, तर पहिले दोन-तीन दिवस गारवा चालेल. बर्फाचे तुकडे फडक्यात गुंडाळा, वरवंट्यानं जरा ठेचा म्हणजे पट्टी गुडघ्याला नीट बसेल. एका वेळी पंधरा मिनिटं, फार तर वीस. मग निदान दोन तास मध्ये जाऊ द्या. बर्फ थेट कातडीवर ठेवायचा नाही, कातडी भाजल्यासारखी होते. बर्फ बांधून झोपायचं नाही. गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला, जरा खाली, हाडाचा एक उंचवटा हाताला लागतो. त्याच्याजवळून एक नस वर-वरच जाते. तिथं फार वेळ गार दाबून ठेवलं तर पाऊल उचलेनासं होऊ शकतं. म्हणून पट्टी गुडघ्याच्या पुढच्या आणि आतल्या बाजूला ठेवा.

बर्फ नसेल तर माठातल्या पाण्यात सुती फडकं भिजवा, पिळा, ठेवा, आणि वारा घाला. फडकं कोमट झालं की पुन्हा भिजवा. गारवा बर्फाइतका नाही, पण पिढ्यान्‌पिढ्या यानंच काम भागवलंय.

जिला साखरेचा आजार आहे आणि पायाला मुंग्या येतात किंवा स्पर्श कळत नाही, तिनं डॉक्टरांना विचारल्याशिवाय बर्फही लावू नये आणि शेकही घेऊ नये. चटका बसला तरी तिला कळणार नाही.

जुनी झीज, सकाळचं आखडलेपण, थंडीतलं ठणकणं, यासाठी आपला शेक आहेच. तो सोडायला आम्ही सांगत नाही. पण झिजेच्या गुडघ्याला खरा आधार देतो तो मांडीचा स्नायू. खुर्चीवर किंवा ओट्यावर बसून एक पाय सरळ करायचा, पाच आकडे मोजायचे, खाली घ्यायचा. दोन्ही पायांना दहा-दहा वेळा. याला ना बर्फ लागतो ना पाला.

चिकुनगुनियाचंही सांगायला हवं. तो आपल्या ओळखीचा आहे. १९७३ मध्ये आपल्या सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीला त्याची साथ आली होती आणि २००६ मध्ये तर राज्यभर गावंच्या गावं गुडघे धरून बसली. हे नाव आफ्रिकेतल्या टांझानियातल्या लोकांच्या भाषेतलं आहे, दुखण्यानं वाकून गेलेला असा त्याचा अर्थ. त्यात ताप असताना, सांधे सुजून गरम झालेले असताना गार पट्टी आराम देते. तेव्हा कडक शेक टाळावा. औषध मात्र डॉक्टरांचंच, कारण डेंग्यूही असाच दिसतो आणि त्यात दुकानातून आणलेली दुखण्याची गोळी घातक ठरू शकते.

आणि काही वेळा बर्फ आणि शेक दोन्ही बाजूला ठेवून थेट दवाखाना गाठायचा. पायावर भारच देता येत नसेल, गुडघा अडकून सरळ होत नसेल, पडल्यावर लगेच टम्म फुगला असेल, किंवा लाल, गरम गुडघ्याबरोबर ताप आणि हुडहुडी असेल, तर उद्यावर टाकू नका.

शेवटचं एक सुचवणं. आपला गट फक्त पैशांच्या बचतीसाठी नाही. ज्या सदस्यांच्या घरी फ्रीज आहे, त्यांनी बर्फाचा एक ट्रे गटासाठी भरून ठेवावा. तो कुणाच्या घरी आहे, हे सगळ्यांना ठाऊक असावं. आणि जिचा गुडघा सुजलाय तिच्याकडं बर्फ घेऊन जाणाऱ्या बाईनं येताना तिचा हंडाही भरून आणावा. दोन दिवस तिचं पाणी, तिच्या जनावरांचा चारा, तिच्या वाटची खुरपणी आपण आळीपाळीनं वाटून घेऊ. पुढच्या बैठकीत हा विषय वहीत मांडा, आणि दोन नावं ठरवूनच उठा.

गुडघ्याची काळजी घ्या. पुन्हा भेटू. नमस्कार!